सुभेदारांच्या मोटारीचा पंखा

आमी मूळचं मेंढरंवालं, ताई. आटपाडीच्या पल्याड माणदेशात आमचं गाव, गाव म्हणायचं आपलं, पंधरा-वीस घरं आन एक बिरोबाचं देऊळ. पाऊस पडला तर पडला, न्हाई तर मेंढरं घिऊन मावळतीकडं चालाय लागायचं, कराड, पाटण, तिकडं गवत असायचं. माझं नाव बी देवावरनंच ठिवल्यालं, बिरू. आता समदी बिरूअण्णा म्हणत्यात, पण ते वयामुळं. आमचा बाप मेंढरू नुसतं खोकलं तरी मान वळवायच्या आधी सांगायचा, ह्ये दोन दिसांनी बसणार, आन बसायचंच. त्यो कान माझ्याकडं आला. मी त्यो मेंढराला न लावता इंजनाला लावला येवढंच. गर्व म्हणा, काय बी म्हणा, इंजन आईकलं की मी सांगायचो काय झालंय, बानेट उघडायच्या आधी. ह्याच गर्वानं माझं तोंड एकदा असं भाजलं की आजबी इसरलो न्हाई.

मिल्ट्रीत गेलो त्ये गावात दुसरं काय न्हवतंच म्हणून. तितं गाड्यांच्या वर्कशापात लागलो. आमचा उस्ताद एक सरदारजी हुता, लय मारायचा, पर शिकवायचा बी तसंच. मी कान लावून सांगाय लागलो की म्हणायचा, बिरू, सुनना ठीक है, लेकिन खोलके देखो. मी व्हय जी म्हणायचो आन मनात म्हणायचो, खोलायचं कशाला, मला कळतंय की. बांगलादेशची लढाई सरली, त्याच्या मागनं दोन सालात मी सुटून आलो आन कुंडलच्या अलीकडं रस्त्याकडंला एक पत्र्याचं शेड घातलं. समदा ऊसाचा मुलूख, ट्रॅक्टर आन ट्रक कवा ना कवा मोडणारच, माझं बरं चाललं. हिरा, माझी मंडळी, शेडाच्या मागंच आमची खोली, तितनं सगळ्यांवर नजर ठिवून असायची.

आता सुभेदार कोण त्ये सांगतो. कुंडलकडचं मोठं ऊसवालं घर, त्यातलं ह्ये थोरलं, मिल्ट्रीत सुभेदार हुऊन पेन्शनीत आल्यालं, म्हणून समदी त्यांना सुभेदारच म्हणायची. कमी बोलायचं. एकदा सांगितलं म्हंजे सांगितलं. त्यांचं ट्रॅक्टर माझ्याकडं यायचं, म्हंजे माझं निम्मं गॅरेज त्यांच्यावरच चालायचं म्हणा की. आन त्यांचा ड्रायव्हर ज्ञानू. माझ्यापरीस दोन-चार वर्सानं मोठा, म्हणून मी त्याला ज्ञानूदा म्हणायचो. काय सांगू तुमाला ताई, त्यो माणूस गाडी चालवायचा न्हाई, गाडी जपायचा. सकाळी उठला की आधी गाडीचं पाणी बघायचा, मग सवताचा चहा. डोक्यावर खाकी टोपी, तिला कवा सुरकुती न्हाई. सुभेदारांच्या घरी त्यो सवताच्या लग्नाआधीपासनं हुता.

तर सुभेदारांनी एक फारीनची मोटार घेतली. मुंबईत कोण गोरा साहेब मायदेशी निघाला हुता त्याच्याकडनं. बुटकी, निळी, आन इंजन आडवं बसवल्यालं. मी जन्मात तसलं इंजन बघितलं न्हवतं, पर तोंडानं कशाला म्हणतोय. आपल्याकडच्या गाड्यांचा पंखा कसा असतो, इंजनाला पट्टा, पट्ट्यावर पंखा, इंजन फिरलं की पंखा फिरणारच, त्यात इचार करण्यासारखं काय न्हाई. ह्या गाडीला पंख्याचा पट्टाच न्हाई. जाळीच्या आत, रेडिएटरच्या म्होरं, एक पंखा बसवल्याला, आन इंजन चालू असलं तरी त्यो आपला गप उभा.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजत्यात, गाड्या पुजत्यात. माझ्या शेडापुढं त्या दिशी ट्रॅक्टर, ट्रक, फटफट्या, रांगच लागायची, मी सवता हळद-कुंकू लावायचो, नारळ फोडायचो, झेंडूचा हार घालायचो. त्या साली ज्ञानूदा ती निळी मोटार घिऊन आला. इंजन चालूच ठिवलं हुतं, म्हणला, बिरू, वरनं टिळा लाव फकस्त, मालकांनी सांगितलंय जाळीत काय अडकवू नगंस म्हणून. मी म्हणलं, आवं ज्ञानूदा, खंडेनवमीला हाराबिगर गाडी उभी ऱ्हाती व्हय? लोकं काय म्हणतील, सुभेदारांच्या गाडीला हार न्हाई? त्यो म्हणला, मालकांनी नगं म्हणलंय. मी म्हणलं, मालकांना गाडीतलं काय कळतंय, त्यांनी पलटण चालवली, गाडी न्हाई. त्यो हसला. हसला म्हणून मला आनि जोर आला. हार मोठा हुता, चांगला मांडीयेवढा जाड, वाऱ्यानं उडाला असता, म्हणून मी दुहेरी सुतळी घेतली, जाळीतनं आत घातली, आन त्यो पंखा हुता ना गप उभा, त्याच्या एका पात्यावरनं गाठ मारून भायेर घेतली. ज्ञानूदा म्हणला, आरं पंख्याला बांधतोस काय? मी म्हणलं, इंजन चालू हाय का न्हाई? हाय. मग पंखा फिरतोय का? न्हाई. मग ह्यो शोभेचा हाय, फारीनवाल्यांना शोभा लय लागती. येवढं मी बोललो. पंधरा जणांच्या म्होरं बोललो. समदी हसली.

दिवाळी झाली. हार वाळला, ज्ञानूदानं फुलं काढून टाकली, सुतळी आतच ऱ्हायली. गाडी गावात फिरत हुती, सांगलीला जात हुती, सपाट रस्ता, म्होरनं वारं लागतंय, इंजनाला पंख्याची गरजच पडली न्हाई. आन मग सुभेदारांनी आपल्या व्याह्यांना महाबळेश्वर दावायला न्यायचं ठरवलं. लेकीचं सासर पुण्याकडचं, शिकल्यालं, मोठी माणसं, पैल्यांदाच हिकडं आल्याली. त्यांच्याम्होरं गाडी घाटात तापली. नुसती तापली न्हाई, रेडिएटरचं झाकण उडालं, वाफ, गरम पाणी, विहीणबाई पदर तोंडाला लावून रस्त्याकडंला उभ्या. म्होरची वाट त्यांनी एसटीनं उभ्यानं काढली. सुभेदारांसारख्या माणसाला ह्ये मरणच हुतं.

दुसऱ्या दिशी दुपारी एका ट्रकच्या मागं बांधून मोटार माझ्या दारात आली. सुभेदार उतरलं, ज्ञानूदा स्टेरिंगवरनं उतरला, टोपी हातात. सुभेदारांनी इचारलं, मिस्त्री, काय झालं असंल? आन मी, ताई, मी बानेट उघडलं न्हाई. वास घेतला, रेडिएटरवर टिचकी मारली, ढबढब वाजलं, रिकामा. मी म्हणलं, पाणी न बघता घाट चढवला, दुसरं काय. येवढंच बोललो. सवयीनं बोललो. शेजारी ज्ञानूदा उभा हाय, पंचवीस पावलावरनं त्याची गाडी यिऊ द्या, मी सांगंन ही ज्ञानूदाची गाडी, असा जपणारा माणूस, आन माझं तोंड गेलं हुऊन.

सुभेदारांनी ज्ञानूदाकडं बघितलं. म्हणलं, बघितलं होतंस का पाणी? ज्ञानूदा माझ्याकडं बघत हुता. मग त्यानं खाली बघितलं. मला वाटलं, म्हंजे चुकलाच. सुभेदारांनी हात म्होरं केला. ज्ञानूदानं चावी त्या हातावर ठिवली, टोपी डोक्यावर घातली, आन चालत निघाला गावाकडं. रागानं न्हाई, तरातरा न्हाई, जसा रोज चालायचा तसाच. हिरा दारात उभी हुती, ती मला म्हणली, त्या माणसानं पाणी बघितलं नसंल? त्यो तर आपल्या दारात आला तरी आधी गाडीला पाणी मागतोय. मी तिला म्हणलं, तुला काय कळतंय. त्या दिसांत हे माझं लय आवडीचं वाक्य हुतं.

सुभेदार चावी माझ्याकडं दिऊन गेलं, मी कामाला लागलो. रेडिएटर भरला, कुटं गळत न्हाई. इंजन चालू केलं, बराच वेळ ठीक, मग तापमानाचा काटा चढाय लागला, चढला, चढला, लालात गेला. पाणी भरल्यालं, गळती न्हाई, आन तरी तापतंय. म्हंजे पाण्याचं न्हाई! मी तितंच खाली बसलो. पर ज्ञानूदाकडं जायाचं मनात आलं न्हाई अजून, मनात आलं की आधी कारण काढू, मग बघू. माणूस असंच करतो, न्हाई का?

तवा पैल्यांदा मी त्या पंख्याकडं नीट बघितलं. त्याच्या मागं दुधाच्या तांब्यायेवढी मोटार, मोटारीला दोन वायरी. म्हंजे शोभेचा न्हाई, इजंवर चालणारा. मग का फिरंना? बोटानं पातं ढकलून बघितलं, घट्ट. आता आईका हं, माझी चूक कुटं हाय ती. आपला पट्ट्यावरचा पंखा बोटानं ढकलला तर घट्टच लागतो, त्यो इंजनाला बांधल्याला असतो ना. म्हणून घट्ट लागलं त्याचं मला काय वाटलंच न्हाई. मी वायरीमागं लागलो. वायर धरून धरून फ्यूजला पोचलो, फ्यूज जळाल्याला. आनंद झाला. नवा घातला, इंजन तापवलं, काटा वर गेला, आन फट्दिशी त्यो बी गेला. दुसरा घातला, त्यो बी गेला. दोन दिस मी फ्यूज जाळत बसलो. शेवटी वायरीचं दुसरं टोक धरलं तर ते रेडिएटरच्या बुडात, एका पितळी खुट्टीवर. वाटलं हीच खुट्टी बिघडल्याली असणार.

ती काढली, हिराचं भगुणं घेतलं, चुलीवर पाणी ठिवलं, खुट्टी तारंला बांधून पाण्यात सोडली, वायरी बॅटरीला आन मधी एक दिवा. हिरा म्हणली, माझ्या भगुण्यात काय शिजवाय लागलाय? मी म्हणलं, गप बघ. पाणी कोमट, दिवा बंद. पाणी गरम, दिवा बंद. बुडबुडं याय लागलं, आन टक्, दिवा लागला! चुलीवरनं काढलं, पाणी निवलं, दिवा गेला. परत ठिवलं, परत लागला. मी टाळीच वाजवली, हिराला म्हणलं, बघ, काय डोकं हाय त्या लोकांचं, इंजन तापलं तरच ही खुट्टी पंख्याला इज देती, गार असलं की पंखा गप उभा...

आन माझं बोलणं तितंच थांबलं. गार असलं की गप उभा. खंडेनवमीला गाडी जवळनंच आल्याली, इंजन अजून तापल्यालं न्हवतं. गार. आन मी पात्याला गाठ मारली हुती.

भगुणं तसंच ठिवून पळालो. चार बोल्ट काढून पंखा भायेर घेतला, उलटा केला. पात्याच्या मागं, मोटारीच्या दांड्याला, माझी सुतळी. दुहेरी. करकचून गुंडाळल्याली, धुळीनं काळी झाल्याली, म्होरनं दिसतच न्हवती, आन तिच्यात झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या अडकल्याल्या. घाटात इंजन तापलं, पंख्याला इज गेली, पंखा फिराय गेला, सुतळीनं त्याला आवळला, फ्यूज गेला. सरळ हाय. सुरीनं सुतळी कापली, नवा फ्यूज घातला, पंखा आन खुट्टी परत बसवली, इंजन तापवलं. काट्यानं अर्ध्याच्या वर जरा मान काढली आन पंखा सुरू झाला, सूंऽऽ करत. लय गोड आवाज, ताई. मी त्याच्याम्होरं बसलो आन मला रडाय आलं.

हिरा आली. सुतळी बघितली, पाकळ्या बघितल्या. मग म्हणली, जाळायची असंल तर चूल पेटल्यालीच हाय. मी तिच्याकडं बघितलं. तिचं काय म्हणणं हुतं त्ये मला आजबी कळलं न्हाई, खरंच जाळ म्हणत हुती का माझी परीक्षा बघत हुती. नंतर इचारलं तर म्हणायची, मला आठवत न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी सुभेदार आलं. मी इंजन तापवून पंखा फिरवून दावला. त्यांनी मान हलवली. मग म्हणलं, पाण्याचंच होतं ना? आता बघा, ताई, मला नुसतं व्हय म्हणायचं हुतं. दोन अक्षरं. ज्ञानूदा तसाबी गेल्यालाच हुता, सुभेदारांचं ट्रॅक्टर माझ्याकडं येत ऱ्हायलं असतं, माझं नाव ऱ्हायलं असतं. त्यांना कळायची वाटच न्हवती. माझ्या जिभंवर व्हय आला बी हुता, खोटं कशाला बोलू. पर त्यो माणूस टोपी घालून जसा चालत गेला त्ये माझ्या डोळ्याम्होरनं हलंना. मी खिशातनं सुतळी काढली आन बानेटवर ठिवली. म्हणलं, सुभेदार, पाण्याचं न्हवतं. ही मी बांधली. ज्ञानूदा नगं म्हणत हुता, तुमी नगं म्हणलाय म्हणून सांगत हुता, मी आईकलं न्हाई. आन त्या दिशी मी बानेट न उघडता बोललो.

सुभेदारांनी एक पाकळी उचलली, बोटात चुरली. मग गाडीतनं चावी काढून माझ्याम्होरं धरली आन म्हणलं, गाडी तू ने. त्याच्या दारात उभी कर, चावी त्याच्या हातात दे. सांग, उद्या सकाळी सात वाजता व्याह्यांना पुण्याला सोडायचंय. बास. चालत निघून गेलं. त्या दिसापासनं जवळजवळ तीन सालं त्यांचा एकबी ट्रॅक्टर माझ्या शेडात आला न्हाई. मी तक्रार केली न्हाई. बरोबरच हुतं त्यांचं.

ज्ञानूदाच्या दारात गाडी लावली तवा त्यो अंगणात बसून दावं वळत हुता. गाडीचा आवाज आईकून उठला, पर म्होरं आला न्हाई. मी चावी दिली, निरोप सांगितला, मग सुतळी काढून त्याच्या हातावर ठिवली आन म्हणलं, ज्ञानूदा, माझं चुकलं. त्यानं ती बघितली. घरात गेला. खुंटीवरच्या कोटाच्या खिशातनं काय तरी काढून आणलं आन माझ्या सुतळीशेजारी ठिवलं. वीतभर सुतळी. तसलीच, दुहेरी, काळी. म्हणला, घाटात बानेट उघडलं तवा ही म्होरनं लोंबत हुती. मालक यायच्या आत तोडून खिशात घातली.

मी म्हणलं, आवं मग मी मालकांम्होरं पाण्याचं बोललो तवा ही काढायची हुती की खिशातनं! माझ्या तोंडावर मारायची हुती! त्यो परत दावं वळाय बसला. म्हणला, बिरू, मनाई मला केली हुती, तुला न्हवती केली. गाडी माझ्या ताब्यात हुती, मी हसलो आन तुला बांधू दिलं. तुझं नाव कशाला घिऊ? मग दाव्याला पीळ देत म्हणला, पर तू माझ्या पाण्यावर बोललास, त्ये मला लागलं.

ते मला लागलं, येवढंच म्हणला. आजबी ते वाक्य तसंच्या तसं कानात हाय. नोकरी गेल्याचं न्हाई लागलं त्याला, त्याच्या पाण्यावर बोललो त्ये लागलं. मी त्याचं पाय धराय गेलो तर पाय मागं घेतलं, म्हणला, ऊठ, पयला चहा घे.

दुसऱ्या दिशी सातला त्यो पुण्याला गेला. परत बोलणं-चालणं समदं सुरू झालं, पर पुढच्या खंडेनवमीला त्यो गाडी घिऊन माझ्याकडं आला न्हाई. त्याच्या पुढच्या बी न्हाई. घरीच पूजा केली. मी वाट बघायचो, हिराला कळू न देता रस्त्याकडं बघायचो. तिसऱ्या साली निळी गाडी लांबनं दिसली. उतरला, हातात हार, माझ्या हातात दिला आन म्हणला, घे, बांध, पर मला दावून बांध. मी आरशाला बांधला, गाठ त्याला दावली, त्यानं ओढून बघितली. मग त्यो हसला. त्या हसण्यापायी मी तीन सालं थांबलो हुतो, ताई. त्याच सुगीत सुभेदारांचा पैला ट्रॅक्टर बी आला, मागचा टायर बसल्याला.

आता सुभेदार न्हाईत. हिरा बी गेली, चार वर्सं झाली. ज्ञानूदा हाय, डोळं गेल्यात, पर खंडेनवमीला नातवाच्या मागं बसून येतोच, आन रांगंतल्या दर गाडीच्या जाळीवरनं हात फिरवून इचारतो, बिरू, कुटं बांधलीस काय रं? मी म्हणतो, न्हाई गा, बघ की. आता समद्याच गाड्यांना तसला पंखा आलाय, कुणाला त्याचं नवल न्हाई, आन माझा कानबी म्हातारा झाला. पर आता कोण गाडी घिऊन आलं आन काय झालं असंल म्हणून इचारलं, तर मी सांगत न्हाई. म्हणतो, थांबा, उघडून बघू.

तुमी आता कोयनानगरला निघाला न्हवं? घाट हाय, वळणं हाईत. जरा थांबा, माझ्या म्हाताऱ्याचं आईका, इंजन चालू करा आन पाच मिनटं तसंच ऱ्हाऊ द्या. न्हाई न्हाई, घाई करू नका, काटा चढू द्या. पाणी मी बघितलंय, तुमचा चहा व्हायच्या आधीच बघितलं. आता आईका... हां. लागला बघा. फिरतोय. जावा आता, सुखानं जावा.